मर्यादित परड्यातील भोपळ्याचा वेल : कोणता राखावा आणि कशासाठी?

कोकणात घरामागच्या परड्यात भोपळा लावणाऱ्यास दरवर्षी एक लहानसा निर्णय करावा लागतो. आळ्यात तीन-चार बिया टोकलेल्या असतात. त्यांतील बहुतेक उगवतात. आणि गडग्याच्या आत जागा मात्र एका किंवा फार तर दोन वेलांपुरतीच असते. बाकीची रोपे काढून टाकावी लागतात. कोणती काढावयाची, हे घरातील जाणते माणूस नजरेनेच ठरविते आणि काम पाच मिनिटांत उरकते. तथापि ह्या पाच मिनिटांच्या निर्णयात वनस्पतिप्रजननशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याची फोड करण्याचे योजिले आहे. उदाहरणासाठी वेंगुर्ले घेतले आहे, कारण त्याच तालुक्यात काजूच्या झाडांच्या बाबतीत हाच प्रश्न संशोधकांनी निराळ्या रीतीने सोडविला आहे, आणि दोहोंची तुलना उद्बोधक आहे.

‘कोणता वेल राखावा?’ हा प्रश्न दिसावयास एक असला तरी वस्तुतः ते दोन प्रश्न आहेत. यंदाच्या हंगामात मोठे फळ कोणत्या वेलावर येईल, हा पहिला. पुढील वर्षीच्या बियांसाठी कोणता वेल योग्य, हा दुसरा. पहिल्यात वेलाच्या जोमाचे कारण विचारण्याची गरज नसते. दुसऱ्यात कारणावाचून दुसरे काहीच महत्त्वाचे नसते. उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला वेल हे ह्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तो परड्यातील सर्व वेलांहून गर्द, जाड आणि विस्तीर्ण असतो. यंदा फळ हवे असेल तर तोच राखणे शहाणपणाचे, कारण त्याच्या मुळांखालचे खत कोठे जात नाही. परंतु त्याचे बी वंशवृद्धीसाठी ठेवणे म्हणजे उकिरड्याचा गुण बियांच्या नावावर जमा करणे होय. परड्यापरड्यांतून नेमके हेच घडते. सर्वांत मोठ्या फळाचे बी राखेत घोळून ठेवले जाते, आणि फळ मोठे का झाले होते हे पुढील पावसाळ्यात कोणाला स्मरत नाही.

प्रथम वनस्पतीविषयी थोडे. ज्यास आपण लाल भोपळा, डांगर किंवा काशीफळ म्हणतो ती बहुधा ‘कुकुर्बिटा मोस्काटा’ ही जाती असते. परदेशांतील प्रदर्शनांतून गाजणारा महाकाय भोपळा हा ‘कुकुर्बिटा मॅक्झिमा’ ह्या निराळ्या जातीचा. फळाचा देठ पाहिला की ओळख पटते. मोस्काटाचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा व फळाशी पसरट झालेला असतो, तर मॅक्झिमाचा गोल, मऊ आणि बुचासारखा. दोन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. ज्या वेंगुर्ले बंदरात सतराव्या शतकात डचांची वखार होती, त्या किनाऱ्यावरील मिरची, काजू आणि भोपळा ही तिन्ही पिके अशी सागरापलीकडची आहेत, हे येथील जेवणाच्या पानाकडे पाहून कोणास खरे वाटणार नाही.

महाकाय भोपळ्याचा इतिहास हा निवडीच्या सामर्थ्याचा इतिहास आहे. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कॅनडातील विल्यम वॉर्नॉक ह्यांचा भोपळा ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो भरला, आणि तो विक्रम १९७६ पर्यंत अबाधित राहिला. पुढे नोव्हा स्कॉशियातील हॉवर्ड डिल ह्यांनी निवडीने तयार केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ वाणाने १९७९ ते १९८२ अशी ओळीने चार वर्षे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर वाढीस जणू उधाण आले. २०२३ साली कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे १२४७ किलोंचा भोपळा तोलला गेला. ह्या मंडळींत प्रत्येक बियाण्यास त्याच्या मातृफळाच्या वजनावरून व उत्पादकाच्या नावावरून संबोधण्याचा प्रघात आहे. पितृवेलाचीही नोंद असते. आपल्याकडे घोड्यांची आणि फार तर खिल्लार बैलांची वंशावळ सांगतात, तशी तेथे भोपळ्याची सांगतात.

आता रोपांकडे वळू. उगवून आठवडा झालेल्या चार रोपांपैकी एक ठसठशीत मोठे दिसते. ते मोठे का? तीन कारणे संभवतात : ते आधी उगवले असेल, त्याचे बी वजनदार असेल, किंवा ते खरोखरच वेगाने वाढणारे असेल. पहिली दोन कारणे डोळ्यांस तिसऱ्यासारखीच दिसतात. समजा, दोन रोपे दररोज सारख्याच, वीस टक्के गतीने वाढत आहेत, परंतु एक दोन दिवस आधी उगवले आहे. ज्या दिवशी धाकट्याचे पान १० चौरस सेंटिमीटर असेल, त्या दिवशी थोरल्याचे १४·४ असेल. आणखी दहा दिवसांनी धाकटे सुमारे ६२ आणि थोरले सुमारे ८९ होईल. गुणोत्तर तेच राहिले, पण अंतर साडेचारांवरून सत्तावीसांवर गेले. पाहणाऱ्यास वाटते की थोरले पुढे सरकत आहे. वस्तुतः दोघांच्या अंगभूत वेगात तिळमात्र फरक नाही. यास्तव रोपांची तुलना पंचांगातील एका दिवशी न करता उगवणीपासूनच्या समान वयास करावी, आणि पहिल्या मापास नव्हे तर दोन मापांमधील वाढीच्या गुणोत्तरास महत्त्व द्यावे. बियांच्या वजनाचेही असेच. जाड दलिकांतील शिदोरी ही मातृवेलाने दिलेली असते. ती संपली की रोप स्वतःच्या पानांवर जगू लागते, आणि तेथून पुढे त्याची खरी परीक्षा सुरू होते.

रोपे दाटीने वाढू दिली तर ह्यात आणखी एक विकृती येते. आधी उगवलेले रोप धाकट्यावर छाया धरते, आणि लहानशी आघाडी स्पर्धेनेच मोठी होते. विरळणीच्या वेळी आपण ज्यास ‘सरस’ म्हणतो ते पुष्कळदा केवळ ‘पहिले’ असते.

येथे निवडीच्या गणिताकडे थोडे लक्ष देणे इष्ट होईल. गुणांची विभागणी प्रसामान्य आहे असे मानल्यास, दोन रोपांतील सरस रोप सरासरीपेक्षा ०·५६ प्रमाण विचलनाने वर असावे अशी अपेक्षा असते. चारांतील सर्वोत्तम १·०३ ने आणि दहांतील सर्वोत्तम १·५४ ने. म्हणजे दोनांवरून चारांवर गेल्याने जेवढा लाभ होतो, जवळजवळ तेवढ्यासाठीच चारांवरून दहांवर जावे लागते. शिवाय हा लाभ परीक्षा अचूक असेल तरच पदरात पडतो. ती जितकी ढोबळ तितका तो कमी होतो. रोपाचे आजचे रूप आणि त्याची अंतिम योग्यता ह्यांतील सहसंबंध समजा ०·३ असेल, तर दहा रोपांतून पहिल्या आठवड्यात केलेल्या निवडीचा लाभ ०·४६ एवढाच उरतो. त्याऐवजी चारच रोपे ठेवून महिन्याभराने, सहसंबंध ०·६ असताना निवड केली तर लाभ ०·६२ होतो. सहसंबंधाचे आकडे येथे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. मुद्दा असा की अधिक रोपांपेक्षा अधिक काळ थांबणे बहुधा फायद्याचे असते.

परंतु थांबण्यास जागा लागते, आणि जागा तर नाही. ह्या अडचणीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. जपानमध्ये किरा व शिनोझाकी ह्यांनी १९५० च्या दशकात वनस्पतींच्या दाटीवर जे संशोधन केले, त्यातून असे दिसून आले की पानांनी जमीन एकदा पूर्ण झाकली की त्या जागेतील एकूण वनस्पतिभार रोपांच्या संख्येवर फारसा अवलंबून राहात नाही. वीस फूट रुंद व तीस फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या परड्यात सहा वेल ठेवले काय किंवा एक ठेवला काय, ऊन तेवढेच पडते. ज्या घरास भाजीसाठी भोपळे हवेत त्याने विरळणीची फार चिंता करू नये, असेच ह्यावरून म्हणावे लागेल. एकच अवाढव्य फळ हवे असणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यास सगळे ऊन एका देठातून ओतावयाचे असते, आणि अशा एका वेलास पाचशे चौरस फूट किंवा त्याहून अधिक जागा देतात. तरीही वेल एकमेकांत गुंतेपर्यंत ही स्पर्धा सुरूच होत नाही. आळी पुरेशी दूर असतील तर सुमारे पहिला महिना थांबणे फुकट असते. गुंतू लागल्यावर मात्र प्रत्येक दिवसाची किंमत राखलेल्या वेलाला मोजावी लागते, आणि जीव तुटत असला तरी त्या वेळी कोयता चालविलाच पाहिजे. रोप उपटू नये, जमिनीलगत कापावे. उपटताना शेजाऱ्याची मुळे दुखावतात.

आळ्याचा प्रश्न अद्याप राहिलाच. वेंगुर्ल्याच्या परिसरात जांभ्यावरील मातीचा थर हातभर अंतरावर बदलतो. एका आळ्याखाली दीड फूट माती तर दुसऱ्याखाली वीतभरात कातळ. एका फळाच्या बिया एका आळ्यात आणि दुसऱ्या फळाच्या दुसऱ्या आळ्यात लावल्या तर फरक बियांचा की मातीचा, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. ह्यावरील उपाय कृषिसंख्याशास्त्रात सुप्रसिद्ध आहे. फिशर ह्यांनी घालून दिलेली आणि वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे ह्यांनी आपल्या १९५४ सालच्या ग्रंथाद्वारे भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती दिलेली खंडरचना परड्यातही चालते. प्रत्येक आळ्यात दोन्ही फळांच्या बिया, काडी रोवून खूण करून, टोकाव्या; तुलना आळ्याच्या आत करावी. चार आळ्यांपैकी चारही ठिकाणी एकाच फळाची रोपे पुढे असतील तर त्या वंशाविषयी काही बोलता येते. एकाच आळ्यात पुढे असतील तर तो योगायोग समजावा. एवढी शिस्त एखाद्या गृहिणीसही जड जाणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यास तरी जाऊ नये.

महिनाअखेर वेलात काय पाहावे? पानाच्या आकाराने भुलू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाकाय वाणांची तुलना त्याच जातीच्या लहान फळांच्या वाणांशी करण्यात आली. महाकाय वाणांची पाने दर चौरस सेंटिमीटरला अधिक अन्न तयार करतात असे आढळले नाही. वाढलेले होते ते परिकाष्ठ, म्हणजे पानांतील अन्न फळाकडे वाहून नेणारे ऊतक. शतकभराच्या निवडीने कारखाना बदलला नाही, रस्ता रुंद केला. हा रस्ता रोपात दिसत नाही. पुढे वेलाची व फळाच्या देठाची जाडी पाहून त्याचा अंदाज बांधता येतो, एवढेच. म्हणून ह्या अवस्थेत गुण शोधण्यापेक्षा दोष शोधणे अधिक विश्वसनीय ठरते. मोझॅकने चितारलेली व सुरकुतलेली पाने, पट्टीसारखा चपटा झालेला वेल, पेरांतून मुळे न सोडणारा वेल, ही बाद करण्याची स्पष्ट कारणे होत. तांबड्या भुंग्याने दलिका खाल्लेल्या रोपाविषयी मात्र दोन्ही प्रश्नांची उत्तरे निराळी येतात. यंदाच्या फळासाठी ते मागे पडले, म्हणून बाद. बियांच्या दृष्टीने त्याचा काहीच दोष नाही, भुंगा त्याच्यावर आधी बसला इतकेच.

पेरांवरील मुळांचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. जमिनीवर धावणारा वेल पेरापेरांतून मुळे सोडतो आणि उथळ मातीतही आपला पसारा पोसतो. पेरांवर माती ओढली तर अधिकच. कोकणात जागा वाचविण्यासाठी वेल मांडवावर किंवा मांगराच्या कौलांवर चढवितात. पडवळ-दोडक्यांस ते ठीक आहे. भोपळ्याच्या बाबतीत जागा वाचते पण मुळे गमावली जातात, आणि वेलास साऱ्या पाण्याखताकरिता एकट्या आळ्यावर विसंबून राहावे लागते. मोठ्या फळाची इच्छा धरणाऱ्याने मांडवाचा मोह टाळावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेलावरून निवड मग फळावर येते. मादी-फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. पराग चिकट असल्याने मधमाशीवाचून किंवा माणसाच्या हातावाचून फलन होत नाही. वेंगुर्ल्यास वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. आषाढझडीत मधमाशी बाहेर पडत नाही, पराग भिजून निकामी होतात आणि कोवळी फळे पिवळी पडून गळतात. शिवाय मोठा दिवस व उष्ण हवा नर-फुलांस, तर लहान दिवस व थंडी मादी-फुलांस अनुकूल असते. सोळा अंशांच्या आतबाहेरच्या ह्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. भातकापणीनंतर पाण्याच्या सोयीने केलेली लागवड ह्या दृष्टीने पावसाळी लागवडीहून सरस ठरते. मात्र उत्तरेकडील देशांतील पंधरा-सोळा तासांचे उन्हाळी दिवस आणि थंड रात्री येथे नाहीत. आपल्या उबदार रात्री श्वसनात बरेच अन्न खर्ची पडते. नोव्हा स्कॉशियाचे बी आणून तेथले वजन येथे अपेक्षिणे व्यर्थ होय.

एका वेलावर दोन-तीन फळे धरली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. ह्या वेळी मात्र हाती चांगली परीक्षा असते. परागणानंतरच्या दहाव्या ते विसाव्या दिवसांत फळाचा घेर रोज एकाच वेळी फितीने मोजावा. घेर एक दशांशाने अधिक म्हणजे आकारसाम्य असल्यास वजन सुमारे एक तृतीयांशाने अधिक. अनुभवी उत्पादक घेर, देठापासून तळापर्यंतचे वरून घेतलेले अंतर आणि आडवे वरून घेतलेले अंतर ह्या तीन मापांची बेरीज करून न तोलताच वजनाचा अंदाज बांधतात. ऐन भरात महाकाय फळ दिवसाला वीस किलोंहून अधिक वाढते. त्या पातळीवर दुसरे फळ वेलावर ठेवणे म्हणजे रस्त्यास फाटा फोडणे होय.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वंशाकडे, वळावयाचे. येथे काजूचे उदाहरण उपयोगी पडते. काजू हा पोर्तुगीजांबरोबर आला आणि शतकानुशतके बियांपासूनच लावला गेला. परपरागणामुळे एका झाडाच्या बियांपासून झालेली झाडे एकसारखी निघत नाहीत; भोपळ्याप्रमाणेच येथेही प्रत्येक बी हा नवा डाव असतो. वेंगुर्ल्यास १९५७ साली फळ संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली अस्तित्वात आल्यावर ते त्याच्या कक्षेत गेले. तालुक्यातीलच आणसूर येथील झाडाच्या निवडीतून ‘वेंगुर्ला-१’ हा वाण १९७४ साली प्रसृत झाला. पुढे १९८१ साली आलेल्या ‘वेंगुर्ला-४’ च्या वंशावळीत मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ ही नावे आढळतात. वेतोरे हेही ह्याच तालुक्यातील गाव. ‘वेंगुर्ला-१’ च्या बीचे वजन सुमारे ६ ग्रॅम, तर १९९७ सालच्या ‘वेंगुर्ला-७’ चे सुमारे १० ग्रॅम. आपल्या परीने हाही महाकायतेचाच प्रवास आहे.

काजूच्या झाडासही मातीचा थर, बागेच्या कडेचे अधिक ऊन आणि शेजारच्या झाडाची छाया ह्यांमुळे खोटा मोठेपणा येऊ शकतो. तथापि तेथे दोन सोयी आहेत. झाड पुष्कळ वर्षे उभे असते, त्यामुळे एका वर्षाच्या उत्पन्नावर निर्णय करावा लागत नाही; आणि कलम करता येते. एका झाडाच्या अनेक कलमा निरनिराळ्या जागी, इतर झाडांच्या कलमांशेजारी लावल्या की झाडाचा गुण जागेपासून अलग होतो. शिवाय जे झाड आज फळ देण्यास उत्तम तेच वंशासाठीही उत्तम ठरते, कारण कलमात ते जसेच्या तसे उतरते. आरंभी सांगितलेले दोन प्रश्न तेथे एक होऊन जातात. भोपळ्याचा वेल मात्र हंगामाअखेर वाळतो. मागे राहतात त्या बिया, आणि त्यांत निम्मा वाटा परक्या परागाचा.

हा निम्मा वाटा माळ्याच्या हाती येऊ शकतो. फळाचा गर हे मातृवेलाचे ऊतक आहे. पराग कोणाचा आला ह्याने यंदाच्या गराची जात बदलत नाही, परिणाम होतो तो बियांवर. म्हणून संध्याकाळी, पाकळ्यांची टोके पिवळी दिसू लागताच, निवडलेल्या वेलाचे नर व मादी कळे दोऱ्याने बांधून ठेवावे. पहाटे नर-फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी-फुलाच्या कुक्षीवर लावावे आणि फूल पुन्हा बांधावे. भोपळवर्गात स्वपरागणाने वंश खालावण्याचे प्रमाण अल्प असते, त्यामुळे एकाच वेलाचे दोन्ही पक्ष घेण्यास हरकत नाही. मॅक्झिमा आणि मोस्काटा ह्यांचा संकर सहजासहजी होत नाही. शेजारच्या परड्यात गावठी डांगर असले तरी बाहेरून आणलेल्या मॅक्झिमाचा वंश त्याने फारसा बिघडत नाही. उलट दोन गावठी डांगरे शेजारी असतील तर मधमाशी गडगा मानीत नाही.

बियांसाठी वेल कोणता, ह्याचे उत्तर मग असे येते : जो आपल्या आळ्यातील सोबत्यांहून सरस ठरला तो, मग त्याचे फळ परड्यात सर्वांत मोठे नसले तरी चालेल. उकिरड्याकडच्या वेलाचे फळ घरात शिजवावे, आणि कातळावरच्या आळ्यात भावंडांना मागे टाकणाऱ्या वेलाचे बी ठेवावे. एका फळात शेकडो बिया मिळतात म्हणून सारे बियाणे एकाच फळातून घेण्याचा मोह होतो. दोन-तीन वर्षे असे केले की परड्यातील साऱ्या वेलांची आजी एकच होते, आणि जे वैविध्य हाताशी होते त्यातून पुन्हा निवड करण्यास काही उरत नाही. निदान तीन वेलांच्या बिया निरनिराळ्या पुरचुंड्यांत, प्रत्येकीवर आळ्याची खूण, उगवणीची तारीख आणि विसाव्या दिवसाचा घेर लिहून ठेवाव्या.